आज कुणाला कोणती भूल

सकाळी ६.३०

चहा उकळेपर्यंत मोबाइलवर आजची यादी आलेली असते. मिरजेतल्या एका नेत्र रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आहे आणि मंगळवार हा आमचा मोठ्या यादीचा वार. नाव, वय, गाव, उजवा की डावा डोळा, ऑपरेशन कोणतं आणि शेवटी बायोमेट्रीचे, म्हणजे डोळ्याच्या मापांचे आकडे. भूलतज्ज्ञ आधी रक्तदाब आणि साखर बघत असेल, असं लोकांना वाटतं. तेही बघतेच, पण डोळ्याच्या यादीत माझं बोट पहिल्यांदा जातं ते लांबीच्या रकान्यावर. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर भरतो. आज एका बाईंचा २९.८ आहे. म्हणजे जाड चष्मा, ताणून पातळ झालेली भिंत आणि मागच्या बाजूला फुगवटा असण्याची दाट शक्यता. अशा डोळ्यामागे मी सुई नेत नाही. एक निर्णय चहाआधीच झाला.

बाकीचे निर्णय यादीवरून होत नाहीत. डोळ्याच्या ऑपरेशनला आमच्यापुढे ढोबळमानानं चार वाटा असतात. पहिली, नुसते थेंब आणि जेली: डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, पण डोळा हलतो, दिसतंही. दुसरी, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीवरच्या टेनॉनच्या पडद्याखाली बोथट कॅन्युलानं औषध सोडणं. तिसरी, खोबणीत सुईनं ब्लॉक देणं: वेदना जाते, डोळ्याची हालचाल थांबते. चौथी, पूर्ण भूल. एकाच दिवशी, एकाच टेबलावर या चारही वाटा लागू शकतात. मोतीबिंदूला अमुक आणि काचबिंदूला तमुक असं सरळ गणित असतं तर यादीवरच खुणा करून मी निवांत नाश्ता केला असता.

७.३०

वॉर्डात माझी पहिली फेरी. प्रत्येकाच्या खाटेजवळ बसायचं, फाइल मांडीवर घ्यायची आणि बोलायचं. या बोलण्यात अर्धं काम होतं.

निवृत्त प्राथमिक शिक्षक. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, फेको करायचंय, म्हणजे लहान जखमेतून मोतीबिंदू फोडून काढायचा. ऐकू नीट येतं, प्रश्नाला उत्तर नेमकं देतात. मी थेंब टाकते आणि पापणीकडे बघते. काही माणसं थेंब पडायच्या आधीच डोळा गच्च मिटतात. डोळ्याचं प्रेशर मोजताना तंत्रज्ञाला त्यांच्याशी झटावं लागतं. थेंबांवरच्या ऑपरेशनला ती माणसं बरी नसतात. गुरुजींनी पापणी जरा फडफडवली आणि डोळा उघडाच ठेवला. यांना थेंब.

पलीकडे जत तालुक्यातल्या आजी. मराठी समजतं थोडंसं, बोलतात कानडीच. शिवाय कमी ऐकू येतं. मोतीबिंदू पिकून तपकिरी, कडक झालेला. आमचे सर्जन, म्हणजे सर, फेकोऐवजी हातानं, बिनटाक्याचं करणार. जखम मोठी, वेळ जास्त, आणि ‘दिव्याकडे बघा, खाली बघा’ या सूचना आजींपर्यंत पोचतील याचा भरवसा नाही. इथे डोळा स्थिर हवा. ब्लॉक.

‘‘काल रात्रीपास्नं पाणीबी घेतलं न्हाई ओ बाई,’’ तिसऱ्या खाटेवरचे एक मधुमेही काका मोठ्या अभिमानानं सांगतात. साखर तपासली तर ७२. ऑपरेशन म्हणजे उपास हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की छापील कागदावर लिहून दिलं तरी घरातलं कुणीतरी उपाशी ठेवतंच. स्थानिक भुलेला आमच्याकडे हलकी न्याहारी चालते. मधुमेह्यांना तर ती हवीच. काकांना चहा-बिस्किटं देऊन यादीत खाली सरकवलं.

मग खोकल्याचे पाटील मामा. आयुष्य गुऱ्हाळावर गेलं, जोडीला विडी. मी त्यांना उशी काढून सपाट झोपवते आणि तोंडावरून टॉवेल टाकते. ऑपरेशनच्या वेळी हिरव्या कापडाखाली असंच पडून राहायचं असतं. मिनिटभरात ते उठून बसले. त्यांचा डोळा अगदी साधा आहे, पण आज त्यांना कुठलीच भूल योग्य नाही. थेंब दिले तर खोकल्यानं डोकं उडेल, ब्लॉक दिला तर डोळा हलणार नाही पण डोकं उडेलच, आणि पूर्ण भुलेला ही छाती सोसायची नाही. आधी छातीच्या डॉक्टरांकडे. मामा नाराज झाले. मोतीबिंदूला दोन-तीन आठवड्यांची घाई नसते हे त्यांच्या मुलाला दोनदा सांगितलं.

शेवटी कवठेमहांकाळचे अण्णा, द्राक्षबागायतदार. त्यांच्याजवळ मी सर्वांत जास्त वेळ बसते. डावा डोळा काचबिंदूनं पूर्वीच गेलेला. दुखलं नाही, लाल झाला नाही, म्हणून कळलंच नाही. उजव्यात काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही. दृष्टीची नस इतकी झिजलीय की मधलंच तेवढं दिसतं, नळकांड्यातून बघितल्यासारखं. तीन प्रकारचे थेंब आणि डायमॉक्सच्या गोळ्या घेऊनही प्रेशर २६. आज दोन्ही ऑपरेशनं एकदम: फेको, आणि डोळ्यातलं पाणी बाहेर झिरपायला वाट करून देणारी ट्रॅबेक्युलेक्टमी.

‘‘सुई देणार का बाई डोळ्यात?’’

‘‘सुई नाही देणार अण्णा. पण औषध थोडं आत सोडावं लागेल.’’

‘‘जेवढं कमी तेवढं बरं,’’ अण्णा म्हणाले. माझाही विचार तोच होता.

८.१५

ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी. यादी सुरू होण्याआधी मी माझं सामान स्वतः बघते. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला, अंबू बॅग, सक्शन चालू, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय, ॲट्रोपिन काढून ठेवलेलं, रक्तदाब वाढवायचं औषध, झटक्याचं औषध. डोळ्याच्या ऑपरेशनला एवढं कशाला, असं नवीन मुलांना वाटतं. दृष्टीची नस ही मेंदूचाच भाग आहे आणि मेंदूवरची आवरणं तिच्यावरही असतात. सुईतलं औषध चुकून त्या आवरणात शिरलं तर सरळ मेंदूच्या देठापर्यंत जातं. पेशंट काही मिनिटांत सुस्त होतो, दुसऱ्या डोळ्याची बाहुली मोठी होते, श्वास थांबू शकतो. हे क्वचित घडतं, आणि श्वास हातानं चालू ठेवला तर माणूस तास-दोन तासांत पूर्ववत होतो. पण ते दोन तास निभावणारं सामान आणि माणूस खोलीत असावं लागतं. म्हणून ब्लॉकनंतर पहिली पंधरा-वीस मिनिटं पेशंटला बाकावर एकटं बसवायचं नाही, हा आमच्याकडे दंडक.

सिस्टर प्रत्येकाच्या भुवईवर बाण काढतात. नाव, डोळा, ऑपरेशन, लेन्सचा नंबर मोठ्यानं वाचायचं. ब्लॉक देण्याआधी पुन्हा एकदा, कारण चुकीच्या डोळ्याला भूल दिली की पुढचं सगळं चुकीच्याच वाटेनं जातं.

९.००

गुरुजी टेबलावर. आधी प्रोपॅराकेनचे थेंब, मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन, आणि त्यानंतर लिग्नोकेनची जेली. हा क्रम महत्त्वाचा. जेली आधी घातली तर तिचा थर बसतो आणि आयोडीन जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. भूल उत्तम, पण जंतुसंसर्गाला दार उघडं, असा सौदा परवडणारा नाही.

थेंबांखालच्या माणसाला दिवा दिसतो, रंग दिसतात, पाणी वाहिल्याचं जाणवतं, आणि सगळं ऐकू येतं. म्हणून बोलायचं काय हेही ठरलेलं: ‘‘गुरुजी, मधल्या दिव्याकडे बघा. आता जरा दाब वाटेल.’’ डोळ्यात पाणी शिरून दाब वाढला की खोलवर एक ठणका लागतो. थेंब तिथवर पोचत नाहीत. त्यासाठी सर सुरुवातीलाच डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात १ टक्का लिग्नोकेन सोडतात, अर्ध्या मिलीएवढं, संरक्षक रसायन नसलेलं. बाटलीतलं नेहमीचं लिग्नोकेन तिथे चालत नाही. त्यातल्या रसायनानं बुबुळाच्या आतल्या पेशींना इजा होऊ शकते.

अडचण एकच आली. गुरुजी बोलायला लागले. आपल्या काळात शाळेत काय होतं आणि आता काय झालंय. बोलताना जबडा हलतो, जबड्याबरोबर डोकं, आणि मायक्रोस्कोपखाली तेवढी हालचाल फार मोठी. सर म्हणाले, ‘‘गुरुजी, दहा मिनिटं वर्गात शांतता.’’ कापडाखालून ‘‘बरं सर’’ असं उत्तर आलं आणि नंतर शब्द नाही.

९.४०

जतच्या आजी. आमच्या एक सिस्टर अथणीच्या, कानडी बोलणाऱ्या. आजींच्या उशाशी त्यांना उभं केलं. बरं ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला.

ब्लॉकचं मिश्रण: २ टक्के लिग्नोकेन, ०.५ टक्का ब्युपिव्हाकेन, आणि औषध पसरवणारं हायल्युरोनिडेज. लिग्नोकेन लवकर चढतं, ब्युपिव्हाकेन टिकतं. हायल्युरोनिडेजमुळे औषध एका जागी साचून राहत नाही. डोळा हलवणाऱ्या स्नायूंनाही त्याचा फायदा. एकाच स्नायूत औषध मुरत राहिलं तर पुढे दोन-दोन दिसण्याची तक्रार उरू शकते.

खालच्या पापणीच्या हाडाची कड बोटानं चाचपते. बाहेरचा एक तृतीयांश आणि आतला दोन तृतीयांश जिथे मिळतात, तिथे. डोळा आणि हाड यांच्यामध्ये बोटाचं टोक बसतं, तेवढी जागा सुईची. सुई २५ मिलिमीटरचीच, बारीक. खोबणीची तळची बाजू धरून, डोळ्याच्या गोलाईपासून लांब राहून.

‘‘मुंद नोड्री अज्जी,’’ सिस्टर कानाशी सांगतात. समोर बघा.

समोरच. जुन्या पुस्तकांत पेशंटला वर आणि नाकाकडे बघायला सांगत. १९३६ साली ॲटकिन्सननं सांगितलेली ही पद्धत दशकानुदशकं चालली. मग १९८१ मध्ये सीटी स्कॅनवर दिसलं, की तसं बघताना दृष्टीची नस ताणून नेमकी सुईच्या वाटेवर येते. तेव्हापासून नजर सरळ. सुईही आता डोळ्यामागच्या स्नायूंच्या शंकूच्या टोकापर्यंत नेत नाही. १९८६ साली डेव्हिस आणि मँडेल यांनी मांडलेल्या रीतीनं डोळ्याच्या बाजूला, शंकूच्या बाहेरच औषध सोडतो आणि त्याला पसरायला वेळ देतो.

मागे ओढून बघते, रक्त नाही. सावकाश पाच मिली. डोळा किंचित पुढे येतो, वरची पापणी जड होते. सुई बाहेर, कापूस, पापणी मिटवून हलका दाब. मधूनमधून सोडायचा, पुन्हा धरायचा. हात आजींच्या नाडीवर, नजर दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीवर. दहा मिनिटांनी पापणी उचलून सिस्टर वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बघायला सांगतात. डोळा जागचा हलत नाही. आजी मात्र काहीतरी पुटपुटतात.

‘‘काय म्हणतात?’’

‘‘एवढ्यासाठी रात्रभर झोप लागली नाही, म्हणतात.’’

१०.३०

२९.८ वाल्या बाई. पन्नाशीच्या, सहकारी बँकेत नोकरीला. दुसरा डोळा गेल्या वर्षी झालाय. मी सकाळीच बजावलं होतं, की या वेळी थोडं जास्त जाणवेल. दुसऱ्या डोळ्याला बऱ्याच जणांना तसं वाटतं. पहिल्या वेळी भीतीनं माणूस आधीच सुन्न असतो, दुसऱ्या वेळी लक्ष देऊन बघत असतो. आधी सांगून ठेवलं की ‘काहीतरी बिघडलं’ ही भीती वाटत नाही.

त्यांना थेंबच. गरज पडली तर टेनॉनखालची कॅन्युला हाताशी, पण इतक्या पातळ भिंतीच्या डोळ्यावर तीही सांभाळूनच. बाई घाबरतात, पण डोळा मिटत नाहीत, म्हणून थेंब जमतात. गुंगीचं मिडॅझोलम देऊ का, असं आमच्याकडे शिकायला आलेल्या नवशिक्या डॉक्टरनं विचारलं. दिलं, अगदी थोडं, एक मिलिग्रॅम. जास्त दिलं की माणूस झोपतो, घोरतो, आणि मध्येच दचकून जागा होतो. आपण कुठे आहोत हे न कळता तोंडावरचं कापड काढायला हात जातो. डोळ्यात अवजार असताना हे नको. शांत आणि जागा माणूस सगळ्यांत चांगला. सिस्टरनी त्यांचा हात धरला होता: खोकला, शिंक, कळ, काहीही येणार असेल तर आधी हात दाबायचा.

११.००

सांगलीचे एक व्यापारी, हृदयात धातूची झडप, रोज वॉरफरिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी. घरच्यांनी गोळी बंद करू का म्हणून आधीच फोन केला होता. करू नका, असं सांगितलं. मोतीबिंदूसाठी ती थांबवून झडपेवर गुठळी ओढवून घेण्यात शहाणपण नाही. रक्त गोठण्याचा आकडा, आयएनआर २.८, त्यांच्या ठरलेल्या मर्यादेत. खोबणीत सुई गेली आणि एखादी रक्तवाहिनी फुटली तर मात्र गोळीमुळे रक्तस्राव वाढेल. म्हणून थेंबांवर फेको. बारा मिनिटांत बाहेर.

११.२०

चहा. पायजमा, टोपी, आणि स्टीलच्या पेल्यातला गार होत चाललेला चहा. नवशिक्या डॉक्टर विचारतो, ‘‘मॅडम, थेंब ही नवी पद्धत ना?’’

उलट, सगळ्यांत जुनी. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनचा द्राव डोळ्यात टाकला आणि डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याचा मित्र सिग्मंड फ्रॉइड कोकेनवर काम करत होता. डोळ्याचं कोलरला सुचलं. त्या सप्टेंबरात हायडेलबर्गच्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत हे जाहीर झालं, तेव्हा कोलर तिथे नव्हता. प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून निबंध दुसऱ्यानं वाचला. त्याआधी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे बहुतेकदा पेशंटला माणसांनी धरून ठेवायचं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हर्मन नॅप यांनी डोळ्यामागे कोकेनची सुई दिली आणि पुढे अनेक दशकं सुईचं राज्य चाललं. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी फेकोची युक्ती काढली, जखम लहान लहान होत गेली, आणि १९९० च्या दशकात थेंब परत आले. जखम दोन-तीन मिलिमीटरची असेल आणि काम पंधरा मिनिटांचं असेल, तर डोळा लुळा करायची गरज उरत नाही.

‘‘मग सगळ्यांना थेंबच का नाही देत?’’

‘‘पुढचा पेशंट बघ. मग विचार.’’

११.४५

अण्णा. ईसीजीच्या पडद्यावर नाडी ५४. हा टिमोलॉलच्या थेंबांचा प्रताप. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रूंच्या वाटेनं नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. यकृताची चाळणी लागत नाही. एका थेंबानं नाडी मंदावते, दमेकऱ्याची छाती भरते. औषधांची यादी विचारताना माणसं थेंब सांगतच नाहीत, म्हणून काचबिंदूवाल्याला मी ‘डोळ्यात काय टाकता’ हे वेगळं विचारते. डायमॉक्सनं पोटॅशियम उतरतं. मागच्या आठवड्यात अण्णांचं ३.२ होतं, औषध देऊन आता ३.९ वर आलंय.

आता भूल. सुईचा ब्लॉक द्यावा तर खोबणीत पाच-सहा मिली औषध जातं. खोबण हाडाची, तिला पसरता येत नाही. दाब डोळ्यावर येतो. धडधाकट नस तो दाब थोडा वेळ सोसते. अण्णांच्या नसेत उरलंय ते मधल्या दृष्टीपुरतंच, आणि अशा अगदी शेवटच्या टप्प्यावरच्या डोळ्यात ऑपरेशननंतर तेवढीही दृष्टी जाण्याचा धोका कमी असला तरी असतोच. मागे रक्तस्राव झाला तर विचारूच नका. ॲड्रेनॅलिन मिसळलेलं औषध नको, कारण नसेचा रक्तपुरवठा आधीच तोळामासा. ब्लॉकनंतर दाबाचा फुगा बांधून ठेवण्याची रीत इथे बाद.

मग नुसते थेंब? फेकोपुरते चाललेही असते. पण ट्रॅबेक्युलेक्टमीत वरचा पडदा उचलायचा, पांढऱ्या भिंतीत झडप कापायची, मायटोमायसिनचा बोळा ठेवायचा, रक्तवाहिन्यांना चटका द्यायचा, शेवटी परितारिकेचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा कण काढून टाके घालायचे. पाऊण-एक तास. तेवढा वेळ थेंबांवर अण्णा काढतीलही. पण चटक्याला दचकले तर? एकच डोळा आहे.

मधली वाट निवडली, टेनॉनच्या पडद्याखालची. १९९२ साली स्टीव्हन्स यांनी सोपी करून दिलेली. थेंबांनी पृष्ठभाग बधिर. अण्णांना वर आणि बाहेरच्या बाजूला बघायला सांगितलं, म्हणजे खालचा, नाकाकडचा भाग उघडा पडतो. सरांना वरची बाजू कोरी हवी असते; नवी वाट तिथे होणार, तिथल्या पडद्याला माझा धक्का लागता कामा नये. बुबुळाच्या कडेपासून पाचेक मिलिमीटरवर चिमट्यानं पडदा उचलला, बोथट कात्रीनं बारीक छेद दिला, आणि त्याच छेदातून कात्रीची टोकं मिटवून आत सरकवत खालची शुभ्र भिंत दिसेपर्यंत गेले. ती दिसली नाही तर कॅन्युला चुकीच्या थरात जाते आणि औषध पुढे फुगून बसतं. मग वळणदार बोथट कॅन्युला डोळ्याच्या गोलाईला चिकटवून मागे.

‘‘किती देणार मॅडम?’’ सर विचारतात.

‘‘दोन मिली. नुसतं लिग्नोकेन.’’

‘‘अजून एक द्या की. डोळा हलेल.’’

‘‘हलला आणि अडलं तर सांगा, तेव्हा देते.’’

ब्युपिव्हाकेन न घेण्याचं कारणही तो एकच डोळा. लांब टिकणाऱ्या भुलेनं डोळा रात्रीपर्यंत अंधारा राहू शकतो. दुसरा डोळा असणाऱ्याला त्याचं काही नाही. अण्णांना मात्र स्वच्छतागृहापर्यंत जायचीही पंचाईत.

औषध अगदी हळू सोडलं. ‘‘भरल्यासारखं वाटतंय,’’ अण्णा म्हणाले. दुखतंय म्हणाले नाहीत. डोळा थोडा हलत राहिला. सरांनी बुबुळाच्या कडेत धरून ठेवायचा टाका घातला आणि डोळा खाली ओढला. त्याच क्षणी मॉनिटरचा आवाज लांबत गेला. ५४, ४८, ४१.

‘‘सर, सोडा.’’

टाका सैल झाला. डोळा ओढला की हृदय मंदावतं, ही शरीरातली जुनी नाळ आहे. टिमोलॉलवर असणाऱ्याची नाडी आधीच खाली, त्यामुळे पडायला जागा थोडी. दहा-बारा सेकंदांत ५० च्या वर. काचबिंदू आहे म्हणून शिरेतून ॲट्रोपिन द्यायचं नाही असा एक समज आहे. नाडी खरंच बसत असेल तर द्यायचंच. मी सिरिंज हातात घेतली होती, लागली नाही. दुसऱ्यांदा सरांनी टाका सावकाश ताणला. नाडी ५२ वर टिकली. चटका देताना मी कापडाखालचा ऑक्सिजन बंद केला. ठिणगी, ऑक्सिजन आणि कापड एकत्र नकोत. परितारिकेचा कण काढायच्या आधी सरांनी आत लिग्नोकेन सोडलं. अण्णांनी माझं बोट एकदाच दाबलं.

१.३०

बावीस वर्षांचा बौद्धिक दिव्यांग मुलगा, लहान वयातला मोतीबिंदू. स्थिर पडून राहा, हे त्याला समजावता येत नाही, त्यामुळे पूर्ण भूल. आई झोप लागेपर्यंत त्याच्याजवळ. यात ठरवण्यासारखं फारसं नव्हतं; सांभाळण्यासारखं होतं. तो जागा होताना खोकून ताणू नये, डोळा चोळू नये, आणि डोळा उघडताच आई समोर दिसावी.

२.३०

डबा. नवशिक्या डॉक्टर पोळीचा तुकडा हातात धरून म्हणतो, ‘‘मॅडम, एक तक्ता करून भिंतीवर लावू या का? लांबी इतकी, रक्त पातळ करणारी गोळी आहे-नाही, काचबिंदू आहे-नाही, समोर भूल.’’

तक्ता कर, असंच मी त्याला सांगितलं. निम्मे निर्णय त्यातून खरंच सुटतील. २९.८ ला सुई नाही, वॉरफरिनला सुई नाही, नस झिजलेली तर औषध कमीत कमी. पण तक्ता ‘काय नको’ एवढंच सांगतो. गुरुजींना थेंब दिले ते त्यांचा डोळा २३.४ होता म्हणून नव्हे. त्या लांबीचा डोळा आजींचाही होता. पाटील मामांच्या डोळ्यात काहीच वावगं नव्हतं, आणि आज त्यांनाच परत पाठवलं. सर्जनचाही एक रकाना तक्त्यात लागेल. हलत्या डोळ्यावर शांतपणे काम करणारा हात आणि नुकता शिकणारा हात यांना एकच भूल पुरत नाही. तू फेको शिकायला बसशील तेव्हा तुझ्या पहिल्या पेशंटना मी ब्लॉक देणार, असं म्हटल्यावर तो हसला. मग जरा गंभीर झाला.

३.३०

भूलपूर्व तपासणीची ओपीडी. पुढच्या आठवड्यातले पेशंट. एक मुलगा हट्ट धरून: ‘‘आईला पूर्ण बेशुद्धच करा, पैशाचं बघू.’’ आईचं वय ८१, हृदय जेमतेम. आई स्वतः मात्र शांत. मी आईशीच बोलले. वीस मिनिटं पडून राहाल? ‘‘व्हय की. भजनाला दोन-दोन तास बसतो आमी.’’ मुलगा गप्प.

एक आजोबा लघवीसाठी टॅमसुलोसिन घेतात. या गोळीनं ऑपरेशनच्या वेळी परितारिका ढिली पडते, बाहुली आक्रसते, हे २००५ मध्ये चँग आणि कॅम्पबेल यांनी दाखवून दिलं. फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं. परितारिकेशी जास्त झटापट म्हणजे थेंबांवरच्या पेशंटला जास्त कळ, आणि वेळही जास्त. सरांना आधी कळलं की त्यांची तयारी होते आणि माझीही.

५.१५

संध्याकाळची फेरी. जतच्या आजींच्या डोळ्यावर पट्टी. पापणी अजून लुळी आहे, उघडी राहिली तर बुबुळ कोरडं पडेल. रात्री पट्टी काढायची नाही आणि सकाळी थोडा वेळ दोन-दोन दिसलं तर घाबरायचं नाही, हे सिस्टर त्यांना कानडीत दोनदा सांगतात. गुरुजींना पट्टी नाही, काळा चष्मा. बाहुली मोठी असल्यानं सगळं धूसर दिसतंय अशी त्यांची तक्रार. उद्यापर्यंत थांबा म्हटलं. बँकेच्या बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही म्हणालात तसं या वेळी जास्त जाणवलं,’’ आणि तेवढ्यावर विषय संपला.

अण्णांच्या डोळ्यावर पारदर्शक कवच. लिग्नोकेन उतरलंय. मी चार हातांवर उभी राहून तीन बोटं दाखवली.

‘‘तीन,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आणि तुमच्या हातात घड्याळ न्हाई.’’

घड्याळ ओटीत काढून ठेवलं होतं. मधली दृष्टी आज तरी जागेवर आहे. प्रेशर सर उद्या सकाळी मोजतील. झिरपण्याची वाट किती टिकते हे कळायला महिने लागतात. तो भाग माझा नाही. ऑपरेशनपायी अण्णांची होती ती दृष्टी जाऊ नये, एवढा माझा.

७.४५

घरी. उद्याची यादी छोटी आहे, चारच नावं. दोन सरळ फेको, तिसऱ्याचा एक डोळा आधी झालेला. चौथं नाव काचबिंदूचं: बाई, ६३, दोन्ही डोळे चालू, प्रेशर २२, दम्याचा पंप, लांबी २३.१. नवशिक्या डॉक्टरनं यादीच्या फोटोखाली लिहिलंय, ‘तक्त्याप्रमाणे टेनॉनखालून. बरोबर ना मॅडम?’

बहुतेक बरोबर. पण दमा आहे म्हणजे टिमोलॉल कुणी लिहून दिलंय का ते बघायला हवं, सपाट झोपवून दहा मिनिटं छाती ऐकायला हवी, आणि थेंब टाकताना पापणी काय करते ते समोर बसून बघायला हवं. ‘साडेसातला वॉर्डात ये, दोघं मिळून ठरवू,’ असं उत्तर पाठवलं. त्यानं लगेच अंगठा दाखवला आणि विचारलं, त्या बाईंना न्याहारी द्यायला सांगू का. सांग म्हटलं.